ओढ चारही चाकांची

ठाण्याहून नाशिककडे निघालेल्या माणसाला वडपे हे गाव सहसा दिसतच नाही; त्याला दिसतो तो वडप्याचा फाटा. ट्रकांच्या रांगा, गोदामांचे लांबच लांब पत्रे, टायरवाल्यांची दुकाने, चहाच्या टपऱ्या आणि या सर्वांवर समभावाने बसलेली धूळ! माजिवड्यापासून वडप्यापर्यंत रस्ता रुंद करण्याचे काम सुरू झाल्यापासून तर येथे गाडी थांबवावी लागत नाही, ती आपोआप थांबते. अशाच एका थांब्यात, २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात, माझी नजर कडेच्या एका गॅरेजकडे गेली आणि आमच्या घरातली पुढच्या दोन महिन्यांची शांतता संपुष्टात आली.

गॅरेजच्या दारात एक जुनी जीप उभी होती. रंग एके काळी हिरवा असावा. डोक्यावर कापडी टप, मागे समोरासमोर दोन बाकडी आणि काचेवर खडूने लिहिलेले : 'विकणे आहे. फोर बाय फोर.' किंमत विचारली. दोन लाख चाळीस हजार! नवी चारचाकी ओढीची गाडी दहा लाखांच्या पुढे जाते हे मला ठाऊक होते. मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे गणित फार पक्के नसते, पण एवढी वजाबाकी मलाही जमली.

वाचक म्हणतील, या गृहस्थाला जीप हवीच कशाला? शिकार नाही, जंगल नाही, निवडणूक तर नाहीच नाही. त्याचे कारण सांगतो.

वडप्यापासून पाच-सहा किलोमीटर आत, टेकडीच्या पायथ्याशी आमची वाडी आहे. तेथे माझी आई राहते. वय अठ्ठ्याहत्तर. "ठाण्याला ये" म्हटले की, "तिथं मी करू काय? लिफ्टमध्ये वर-खाली?" असे तिचे ठरलेले उत्तर. डांबरी रस्ता वाडीच्या अलीकडे सव्वा किलोमीटरवर संपतो. तेथून पुढे भाताच्या खाचरांमधून जाणारी मातीची वाट. त्या वर्षी जुलैत आईला एका पहाटे ताप भरला आणि धाप लागली. वाटेवर पोटरीइतका चिखल. रिक्षावाला डांबराच्या टोकाशी उभा राहून हॉर्न वाजवतोय, वाडीतला एकुलता एक ट्रॅक्टर चिखलणीसाठी दुसऱ्या गावी गेलेला. शेवटी माझ्या चुलतभावाने आणि शेजारच्या तिघांनी आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खांद्यावरून नेले. ती वाचली, बरी झाली. पण तो प्रसंग मी फोनवर ऐकला, ठाण्यात, आमच्या चौथ्या मजल्यावर बसून. त्यानंतर ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

म्हणून जीप!

"आणि पैसे?" सौ.ने विचारले.

"आहेत की तीन लाख."

"ते कशासाठी ठेवलेत, आठवतं ना?"

आठवत होते. मुलगी बारावीत होती. तिने पुस्तकातून मान वर केली नाही, पण पान उलटायचे थांबले होते.

एका गाडीचे घराणे

मध्यमवर्गीय मनुष्य कोणतीही मोठी खरेदी करण्यापूर्वी वाचन करतो. ते स्वस्त असते. मीही केले.

जीप जन्मली ती युद्धासाठी. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलकी, कोठेही जाईल अशी गाडी मागितली. पहिला नमुना बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने केला. मोठे उत्पादन मात्र विलीज आणि फोर्ड यांनी केले. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. इकडे १९४५ साली 'महिंद्रा अँड महंमद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे बदलले. त्या आधीच, १९४७ मध्ये, मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली होती. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि खेड्यातल्या माणसाच्या लेखी सरकार म्हणजे धुरळा उडवत येणारी जीप असे समीकरण होऊन बसले. मी लहान असताना वाडीत जीप आली की आम्ही पोरे तिच्यामागे धावत असू. त्या धावण्यातले काहीतरी वयाच्या पंचेचाळिशीतही शिल्लक होते, हे येथे कबूल केलेले बरे.

पुढे १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, ती पेट्रोलवर चालणारी आणि वजनाने हलकी. २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. २०१० मध्ये महिंद्राची थार आली आणि २०२० मध्ये तिचा नवा अवतार आला. स्वस्तात जुनी चारचाकी ओढीची गाडी शोधणारा मनुष्य साधारणपणे या मंडळींच्याच दारी फिरत असतो. मी पाहिलेली गाडी कोणाची होती ते सांगत नाही. तिच्या म्हातारपणात कंपनीचा काही दोष नव्हता.

दुसरा दांडा

चारही चाकांची ओढ म्हणजे नेमके काय, हे मला गॅरेजमधल्या वृद्ध मिस्त्रींनी समजावले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. वळणावर आतले आणि बाहेरचे चाक कमीजास्त फिरावे म्हणून त्या दोघांच्या मध्ये डिफरन्शियल असते. एरवी ते गुणी. पण एक चाक चिखलात गेले की सगळा जोर तेच चाक खाऊन टाकते. ते गरगर फिरते आणि दुसरे, कोरड्यावरचे, जागच्या जागी राहते.

जीपमध्ये नेहमीच्या गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा असतो. तो टाकला की पुढच्या चाकांनाही जोर जातो. आणखी एक खाच खाली घेतली की वेग निम्म्याहून कमी होतो, पण ओढ वाढते. चिखलातून, चढावरून गाडी बैलासारखी संथ निघते.

"मग अडणारच नाही!" मी म्हणालो.

चाचा हसले. "प्रोफेसरसाहेब, टायर गुळगुळीत असेल तर चारही चाकं मिळून एकाच जागी फिरतील. आणि ही ओढ पुढं जायला आहे, थांबायला नाही. ब्रेक सगळ्या गाड्यांचे सारखेच. चिखलात जोरात जाणारा फोर बाय फोरवाला दुसऱ्यापेक्षा थोडा पुढं जाऊन अडकतो, इतकंच."

शिवाय कोरड्या डांबरावर हा दुसरा दांडा टाकायचा नसतो. अशा जुन्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांचे दांडे एकमेकांशी घट्ट जखडले जातात. वळणावर त्यांना वेगवेगळे अंतर कापायचे असते; चिखलात चाके थोडी घसरून सुटका करून घेतात, डांबरावर तो ताण गिअरवर येतो. म्हणजे मला ही ओढ वापरता येणार होती ती त्या सव्वा किलोमीटरपुरतीच, आणि तीही पावसाळ्याचे चार महिने.

चाचांची परीक्षा

गाडी चाचांची नव्हती. दुसऱ्या कोणाची तरी विक्रीला ठेवलेली होती. त्यामुळे ते मोकळेपणाने बोलले. आधी त्यांनी मला गाडीखाली झोपवले. साठी उलटलेला मनुष्य सहज आडवा झाला; मला दोनदा उशी आठवली.

जुन्या जीपमध्ये रंग पाहू नये, चेसिस पाहावी. छोट्या हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत; भदभद आवाज आला तर आत गंज. समुद्राकाठी राहिलेल्या गाडीला हा रोग हमखास असतो. आमच्या उमेदवाराच्या मागच्या आडव्या पट्टीतून हातोडी जवळजवळ आत गेली. मग पाट्यांची पाने मोजावीत, तुटलेली आहेत का पाहावे. दुसरा दांडा प्रत्यक्ष टाकून, मातीवर गाडी चालवून पाहावे. वर्षानुवर्षे तो न टाकल्यामुळे पुष्कळ गाड्या नावापुरत्याच फोर बाय फोर उरलेल्या असतात. आमचा दांडा पडला, पण पुढच्या बाजूने दाणे भरडल्यासारखा आवाज येऊ लागला.

नंतर कागद. चेसिसवर ठोकलेला क्रमांक नोंदणीच्या पुस्तकाशी जुळला, इंजिनाचा जुळेना. "घोडा बदललाय," चाचा म्हणाले, "पण पुस्तकात जुनाच बांधलेला आहे." इंजिन बदलले तर परिवहन कार्यालयाच्या परवानगीने ते नोंदवावे लागते. नाहीतर उद्या अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले; वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते दहा हजार झाले. ही जीप १९९६ ची. पुढची पाळी २०२६ मध्ये. गाडी परराज्यातली असेल तर तिकडचे ना-हरकत पत्र आणि इकडचा कर हे आणखी दोन डोंगर. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा बडगा उगारला, तेव्हा तिकडच्या पुष्कळ गाड्या अन्य राज्यांत विकल्या गेल्या. स्वस्त दिसणाऱ्या गाडीचे माहेर विचारावे ते यासाठी.

घरी येऊन मी वहीत आकडे मांडले. चेसिसची जोडणी आणि रंग पस्तीस हजार, पाच टायर चाळीस हजार, क्लच व ब्रेक पंचवीस हजार, पुढच्या आसाचे काम तीस हजार, बॅटरी आणि वायरिंग पंधरा हजार, कागदपत्रे व विमा वीस हजार. बेरीज एक लाख पासष्ट हजार. म्हणजे दोन लाख चाळीस हजारांची जीप चार लाख पाच हजारांना! आणि तेवढे खर्चूनही मागच्या बाकड्यांवर पट्टे नाहीत, पुढे हवेच्या पिशव्या नाहीत. चालकापुढची पिशवी नव्या मोटारींना २०१९ पासून सक्तीची आहे. १९९६ च्या जीपला ती कोठून असणार?

तरीही मी हटलो नव्हतो. कर्ज काढायचे मनात होते. ही वही मुलीने पाहिली. फीबद्दल ती अक्षर बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "बाबा, जीप रात्री कुठं उभी राहणार?"

"कुठं म्हणजे? आपल्या खाली."

"आणि आजी?"

मी उत्तर शोधत राहिलो. आई वाडीत, जीप ठाण्यात. मध्ये माजिवडा ते वडपे हा रस्ता, ज्यावर चारच काय, आठ चाकांना ओढ असली तरी गाडी हलत नाही. पुन्हा तशी पहाट उगवली तर माझी जीप पोहोचेपर्यंत खुर्ची दोनदा जाऊन आली असती. जीप वाडीत ठेवावी तर चालवणार कोण? चुलतभावाला दुचाकी येते. महिनोन् महिने उभी राहिलेली जुनी गाडी नेमकी हवी त्या दिवशी सुरू होत नाही, हे तर चाचांनी आधीच बजावले होते.

मग घ्यावी की नाही?

ज्याची वाट आठवड्यातून चार दिवस चिखलाची आहे, जो गाडी शेतावरच छपराखाली ठेवतो, ज्याला हाताने काम करण्याची आवड आहे किंवा ज्याच्या शेजारी एखादे चाचा आहेत, आणि ज्याच्याकडे कुटुंबासाठी दुसरे वाहन आहे, त्याने जुनी चारचाकी ओढीची गाडी जरूर घ्यावी. तिची रचना साधी असते, जुन्या जीपचे भाग पुष्कळ ठिकाणी मिळतात. मात्र मागितलेल्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच घ्यावी. जो शहरात राहतो, ज्याची ती एकुलती एक गाडी होणार आणि ज्याला ती वर्षातून दहा दिवसच हवी, त्याने ती पाहावी, हवे तर बाकड्यावर बसून फोटो काढावा आणि घरी यावे.

मी घरी आलो. मुलीच्या पैशांना हात लागला नाही. पण खुर्चीचा प्रश्न उरलाच होता. २०२५ च्या मे महिन्यात वाडीतल्या अकरा घरांनी मिळून वर्गणी काढली. माझा वाटा साठ हजारांचा. ट्रॅक्टरने मुरूम टाकला, दोन ठिकाणी सिमेंटचे नळ घालून मोऱ्या बांधल्या, कडेने चर खणला. मी दोन रविवार घमेली उचलली आणि तीन रविवार पाठीला तेल लावले. त्यानंतर महिन्याभरातच, ५ जूनला, समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरहून निघालेला सातशे एक किलोमीटरचा तो रस्ता आमच्याच भिवंडी तालुक्यात आमणे येथे येऊन थांबतो. त्या दिवशी आमच्या सव्वा किलोमीटरचे उद्घाटन भाजीच्या टेम्पोने केले.

यंदाच्या पावसात रिक्षा दारापर्यंत आली. दोन दिवस ओढ्याचे पाणी मोरीवरून गेले तेव्हा नाही आली. पण तेवढ्या पाण्यात चाचांनी जीपही घातली नसती. आईची औषधे, तपासण्या वेळेवर झाल्या. खुर्ची आता ओटीवर असते आणि आई तिच्यात बसून तांदूळ निवडते.

परवा मी वाडीत गेलो तेव्हा ती शेजारणीला सांगत होती, "पोरगा जीप घेणार आहे हो माझा. म्हणून तर रस्ता करून घेतला आधी."

मी काही बोललो नाही. परतताना वडप्याला गाडी आपोआप थांबली. ती जीप अजून तेथेच होती. काचेवरचा आकडा पुसून कोणी दोन लाख दहा हजार असा केला होता. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि हिरवा दिवा लागण्यापूर्वीच म्हणाली, "चला आता."