संख्येपुढचे ‘एम’: हजारपट की १०२४ पट?

खोडद (ता. जुन्नर): जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर.

रेडिओ लहरींची वारंवारता: किलो, मेगा (एम), गिगा हजारपटीने चढतात. १ मेगाहर्ट्झ = १०,००,००० हर्ट्झ. जीएमआरटीचा ५५०–८५० मेगाहर्ट्झ पट्टा म्हणजे ५५ ते ८५ कोटी हर्ट्झ.

‘एम’ दोन्ही प्रकारे वाचले जाण्याचे उदाहरण, क्यूईएमयू: संगणकात आभासी संगणक चालवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. जनक फाब्रिस बेलार; सुरुवात २००३.

त्यातील आकड्यांचे वाचन
- मेमरी, डिस्क: के, एम, जी १०२४ पटीने. १ एम = १०,४८,५७६ बाइट.
- प्रोसेसरच्या टीएससी घड्याळाची वारंवारता: हजारपटीने.
- रोमन अक्षर लहान की मोठे, फरक नाही.
- अक्षरच नसेल तर: मेमरीत ‘५१२’ म्हणजे ५१२ एम, नवी डिस्क-फाइल बनवताना ५१२ बाइट.