अलार्म 'गो ऑफ' झाला, म्हणजे वाजला की बंद पडला?

आजचा एपिसोड माझ्याच फजितीवर. नोकरीला लागून दोन महिने झाले होते. रात्री टीममधल्या एकाचा मेसेज आला, 'द अलर्ट वेंट ऑफ.' मला वाटलं, ऑफ म्हणजे बंद. अलर्ट थांबला, चला झोपू. सकाळी कळलं, सर्व्हर रात्रभर बंद होता. आणि ड्यूटी माझीच होती!

तर 'गो ऑफ'. अलार्म गो ऑफ होतो म्हणजे वाजायला लागतो. बॉम्ब गो ऑफ होतो म्हणजे फुटतो. पण लाइट गो ऑफ होतात म्हणजे जातात. ब्रिटिश इंग्रजीत दूध गो ऑफ झालं म्हणजे नासलं, आणि 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' म्हणजे कॉफी आता नकोशी झालीये. कार्यक्रम 'वेंट ऑफ वेल' म्हणजे छान पार पडला.

डोकं गरगरलं? 'ऑफ'चा मूळ अर्थ 'दूर' असा लक्षात ठेवा. गोष्ट आधीच्या स्थितीपासून दूर गेली: गप्प अलार्म वाजला, पेटलेला दिवा गेला, चांगलं दूध नासलं. म्हणून आधी कर्ता बघा, मग अर्थ लावा.

आणि इंग्रजीला हसू नका हं. आपण रांगोळी 'काढतो' तेव्हा ती अंगणात येते, शर्ट 'काढतो' तेव्हा तो अंगावरून जातो!

तरी शंका आली, तर सरळ विचारा. 'म्हणजे वाजतोय ना?' एवढंच मी त्या रात्री विचारायला हवं होतं.