बाल्कनीतलं बिऱ्हाड

दिवाळीच्या साफसफाईत पुण्यातल्या कितीतरी बाल्कन्यांमधून एक वस्तू केराच्या टोपलीत जाते. कपडे वाळत घालायच्या तारेला किंवा कुंडीतल्या वाळक्या फांदीला लोंबणारा, करड्या रंगाचा, जळमटासारखा झुबका. जवळून पाहिलं तर त्यात सालीचे तुकडे, वाळकी पानं, सुरवंटांची विष्ठा असं काय काय कोळिष्टकांनी चिकटवलेलं दिसतं. बाजूला अंगठा जेमतेम जाईल एवढं दार, दारावर चिमुकली पडवी आणि आत मऊ कापसाची गादी. हे शिंजिराचं, म्हणजे सूर्यपक्ष्याचं घरटं. ते केरासारखं दिसतं, कारण कावळ्याला ते केरच वाटायला हवं. पुण्यात शिंजीर वर्षात केव्हाही घर मांडतो, त्यामुळे ऐन दिवाळीतही आत दोन अंडी असू शकतात.

लालबुड्या बुलबुल मात्र एवढा सावध नाही. जास्वंदीत, मधुमालतीच्या वेलात, कधी टांगलेल्या कुंडीतही तो वाटीसारखं उघडं घरटं करतो. गुलाबीसर अंड्यांवर तांबूस ठिपके असतात. दोनेक आठवडे उबवण, मग पिलांना भरवण. सगळं सुरळीत झालं तर महिन्याभरात घर रिकामं. पण सुरळीत होणं विरळाच. कावळा, भारद्वाज, मांजर यांपैकी कुणीतरी सुगावा काढतंच. घरटं लुटलं गेलं की जोडी काही काळ आकांत करते आणि हंगाम उरला असेल तर पुन्हा काड्या गोळा करू लागते. प्रजननाचा हा साधा हिशेब आहे, हे मान्य. तरीही घरात आजारपण असताना खिडकीतून ही धडपड पाहणाऱ्या माणसाला धीर येतो, आणि तो धीर खोटा नसतो.

याहून मोठा भरवसा पाहायचा असेल तर उन्हाळ्यात एम्प्रेस गार्डनमध्ये किंवा विद्यापीठाच्या आवारात जावं. तिथे जुन्या झाडांवर राखी धनेश दिसतात. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठेचा गिलावा करून दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी राहते. आत तिची पिसं गळतात, पुढचे कित्येक आठवडे तिला उडता येत नाही. वड, पिंपळ, उंबराची फळं आणून तिला आणि पिलांना जगवायचं काम नराचं. तो वाटेत कुठे मेला, तर आतल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. अशी ढोली जुन्या, पोखरलेल्या झाडातच मिळते, आणि शहरात ‘धोकादायक’ म्हणून आधी तोडलं जातं ते नेमकं तेच झाड. वाळलेल्या फांद्या उतरवून खोड राखता येत असेल, तर तसा आग्रह सोसायटीने धरावा असं मला ठामपणे वाटतं.

सातभाईंचं घराणंही पाहण्यासारखं. थवा मिळून पिलं वाढवतो. आईबापांखेरीज इतरही भरवतात, एक जण उंच बसून पहारा देतो. त्यांच्याच घरट्यात ‘पेर्ते व्हा’ म्हणणारा पावशा आपलं अंडं टाकतो आणि ते परकं पोरही तितक्याच निगुतीने वाढतं. याला करुणा म्हणण्याचा मोह होतो. मी म्हणणार नाही, कारण सातभाईंना दुसरं काही करण्याची मुभाच नाही. ती मुभा माणसाला आहे, म्हणून करुणेची जबाबदारीही माणसाचीच.

ही करुणा पुष्कळदा हात आवरण्यात असते. पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं पिलू दिसलं की आपण ते खोक्यात घालून घरी आणतो, दूध-पोळी भरवतो आणि ते दगावतं. खरं तर ते उडायला शिकत असतं, आईबाप आसपासच चारा घेऊन थांबलेले असतात. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर जवळच्या झुडपात उंचावर ठेवून लांब व्हावं. माणसाचा हात लागला की पक्षी पिलाला टाकतात, हा निव्वळ गैरसमज आहे. जखमी पक्ष्याची गोष्ट वेगळी. त्यासाठी वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर झाडांत अडकलेल्या मांजाने पंख कापले जातातच. गच्चीवर सापडलेला मांजा गुंडाळून नष्ट करणं हे प्रत्येकाला जमण्यासारखं काम आहे.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. यंदा त्या निमित्ताने बाल्कनीत पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, ते रोज बदला, भांडं घासा. आणि झाडू फिरवण्याआधी तारेवरचा तो झुबका एकदा नीट पाहा. त्याला दार असेल, तर तेवढा कोपरा महिनाभर तसाच राहू द्या.