सागाची विरळणी आणि पावसाची उघडीप

मावळातल्या शेतकऱ्याला विरळणी शिकवावी लागत नाही. भाताचा तरवा दाट टाकतो, पण लावणीला रोप अंतरावरच जाते. गर्दीत पेंढा वाढतो, दाणा भरत नाही. तोच शेतकरी जंगलात कुऱ्हाड ऐकली की ‘रान गेले’ म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते, म्हणून नीट पाहिले पाहिजे.

सागाची रोपे बहुधा दोन मीटरांवर लावतात, म्हणजे हेक्टरी २५००. ती सगळी राखायची नसतातच. दाटीत खोड सरळ चढते, बाजूच्या फांद्या गळतात. पुढे शेंडे एकमेकांना भिडले की वाढ खुंटते. जमीन चांगली असेल तर पाचव्या-सहाव्या वर्षीच पहिली विरळणी करावी लागते.

आता पाण्याचा हिशेब. पाऊस उघडला की जमिनीतली ओल म्हणजे ठरलेले रेशन, आणि प्रत्येक झाड हे एक खाणारे तोंड. तोंडे कमी झाली की उरलेल्यांची उघडीप सुसह्य होते. सागाच्या खोडात वर्षावर्षाची वलये स्पष्ट उमटतात. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने केरळातील सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची वलये जुळवली. अवर्षणाच्या सालात वलय अरुंद पडते. झाड हजेरीपट आपल्या अंगातच लिहून ठेवते म्हणाना!

हा प्रश्न आता निकडीचा का झाला? मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, असे त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतरांसह २०१७ साली दाखवले. धो धो पडलेले पाणी उतारावरून निघून जाते, आणि मधल्या कोरड्या दिवसांत झाडाला जमिनीतल्या ओलीवरच निभवावे लागते. युरोपात २०१८ च्या अवर्षणानंतर बीच नावाचे वृक्ष ठिकठिकाणी वाळले, तेव्हापासून तिकडेही हाच विचार जोरात चालू आहे.

तथापि रान एकदम उघडे केले तर घात होतो. ऊन जमिनीवर येते, घाणेरी माजते. सागाच्या रुंद पानांवरून पडणारे टपोरे थेंब आधीच माती उखडतात. खालचे गवत-झुडूप गेले तर आमच्या उतारावर माती राहायची नाही. शिवाय राहिलेल्या झाडांचे शेंडे पसरून पुन्हा भिडले की मिळालेला दिलासा संपतो. म्हणून थोडी थोडी, पण वेळच्या वेळी विरळणी हवी.

आणि काढायचे कोणते झाड? वाकडे, दबलेले, रोगट. येथे मजुरीचा प्रश्न येतो, तो वनशास्त्राबाहेरचा नाही. लाकडाच्या मापावर पैसे मिळणार असतील तर कुऱ्हाड जाड झाडाकडेच वळते, त्यात मजुराचा दोष नाही. मुंबई राज्यात १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या, त्या ठेकेदाराला बाजूला सारण्यासाठीच. माझे म्हणणे एवढेच, की विरळणीला रोजाने मजुरी द्यावी, आणि काढायच्या झाडांवर खूण टोळी रानात शिरण्यापूर्वीच झालेली असावी.