अंतिम कामाचे कोष्टक आणि दोन खोल्यांमधील भिंत

खोलीची जमीन, भिंती व छत यांवर शेवटी काय चढावयाचे, फरशी कोणती, गिलावा कोणता, रंग कोणता, हे नकाशावर जागोजागी लिहू लागल्यास रेषांपेक्षा अक्षरांचीच गर्दी होते. शिवाय एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहिली म्हणजे ती दहाही ठिकाणी सारखीच राहील याची शाश्वती नसते. व्यवसायात ज्याला ‘फिनिश शेड्यूल’ म्हणतात तो या अडचणीवरील उपाय होय. येथे त्यास ‘अंतिम कामाचे कोष्टक’ म्हटले आहे.

त्याची रचना साधी असते. प्रत्येक ओळ एका खोलीची. रकाने जमीन, स्कर्टिंग, डॅडो, भिंत व छत यांचे. रकान्यांत वर्णन न देता ‘फ-१’, ‘ग-२’ अशी संकेताक्षरे घालतात व त्यांचा अर्थ सूचीत एकदाच सांगतात. ‘ग-२’ म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा सिमेंट गिलावा व त्यावर नीरूची घोटाई असे एकदा ठरले की, पुढे बदल करावयाचा तो एकाच जागी. नमुना ठराविक असण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो बहुधा सांगितला जात नाही. रिकामा राहिलेला रकाना लगेच डोळ्यांत भरतो. नकाशावर लिहावयाची राहून गेलेली टीप मात्र कोणासच दिसत नाही.

तथापि कोष्टकास करारात किती वजन आहे, हे विद्यार्थ्याने प्रथमच समजून घ्यावयास हवे. ‘शेड्यूल’ हा शब्द परिमाणपत्रकासही लावतात, व तेथूनच घोटाळा सुरू होतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सर्वसाधारण करारशर्तींत कागदपत्रांमध्ये विसंगती आढळल्यास प्राधान्याचा क्रम दिला आहे. प्रथम परिमाणपत्रकातील वर्णन, नंतर विशिष्ट तपशील व विशेष अटी, त्यानंतर नकाशे, मग विभागाचे सर्वसाधारण तपशील, आणि शेवटी भारतीय मानके. अंतिम कामाचे कोष्टक नकाशाच्या ताववर असते. म्हणून त्याचे स्थान तिसरे. वास्तुविशारदाने कोष्टकात कोटा काढून संगमरवर घातला, पण परिमाणपत्रक तसेच राहिले, तर करारात कोटाच उरतो. तंटे उपजतात ते बहुतांशी अशा ठिकाणी.

खरी अडचण याहून खोल आहे. कोष्टकाचे एकक खोली हे आहे. भिंत मात्र दोन खोल्यांची असते. मोजमापाच्या वेळी याचा परिणाम स्पष्ट होतो. गिलाव्याच्या मोजमापासंबंधी भारतीय मानक १२०० च्या १२ व्या भागातील नियम असा आहे की, ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीसाठी वजावट करावयाची नाही. त्याहून मोठ्या, पण ३ चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीसाठी, दोन्ही बाजूंस एकच गिलावा असल्यास एका बाजूचीच वजावट करावयाची. दोन बाजूंचे गिलावे भिन्न असल्यास चौकटीच्या ज्या बाजूस भिंतीची उघडी जाडी कमी राहते त्या बाजूची वजावट करावयाची, दुसऱ्या बाजूची नाही.

समजा, वर्गखोलीच्या बाजूस नीरूची घोटाई आहे, ओवरीच्या बाजूस साधा सिमेंट गिलावा आहे आणि १ मीटर रुंद व २.१ मीटर उंच दरवाजाची चौकट वर्गाच्या अंगास टेकली आहे. येथे २.१ चौरस मीटर वजा व्हावयाचे ते नीरूच्या बाबीतून. असे शंभर दरवाजे असल्यास २१० चौरस मीटर कोणत्या दराने कापावयाचे, हा प्रश्न कोष्टकाच्या कोणत्याही एका ओळीवरून सुटत नाही. दोन ओळी आणि चौकटीचे तपशीलचित्र एकत्र वाचावे लागते. ३ चौरस मीटरहून मोठ्या उघाडीत दोन्ही बाजू वजा होतात व उघाडीच्या आतील कडा वेगळ्या मोजून मिळवल्या जातात. त्या कडा कोणत्या खोलीच्या? कोष्टकात त्यांना रकानाच नसतो. काही कोष्टकांत भिंतीसाठी उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे चार रकाने करतात. त्यामुळे एका खोलीतील भिंतींचा भेद दाखविता येतो. कडांचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

जमिनीचीही हीच कथा. भारतीय मानक १२३७ नुसार सिमेंट काँक्रीटची २० सेंटिमीटर चौरस फरशी २० मिलिमीटर जाड असते आणि ३० सेंटिमीटरची २५ मिलिमीटर. कोष्टकातील शेजारच्या दोन ओळींत ही दोन नावे निर्दोष दिसतात. खालचा थर सारखाच ठेवला, तर उंबऱ्याशी ५ मिलिमीटरची ठेच तयार होते! म्हणून सूचीत फरशीच्या नावापुढे थरासह एकूण जाडी लिहावी, आणि दोन फरश्यांची सांध बंद दाराच्या फळीखाली यावी अशी टीप कोष्टकाखालीच द्यावी.

संगणकीय प्रतिमानांमुळे हे सर्व आपोआप जुळते, असा समज आहे. त्यास मर्यादा आहेत. रेव्हिटसारख्या प्रणालीत खोलीच्या गुणधर्मांमध्ये जमीन, भिंत, छत व स्कर्टिंग यांच्या अंतिम कामाची नोंद असते. पण ती हाताने टंकलेली अक्षरे असतात. प्रतिमानातील भिंतीवर गिलाव्याचा जो थर रेखाटला आहे त्याच्याशी या नोंदीचा संबंध जुळतोच असे नाही. भिंतीचा थर बदलला तरी कोष्टकात जुनेच संकेताक्षर राहू शकते. अशा वेळी ताव छापण्यापूर्वी प्रत्येक दरवाजा घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओळी समोरासमोर वाचणे हे काम मनुष्यालाच करावे लागते, व ते खोलीवार नव्हे, दरवाजावार करावयाचे असते.