शेवळाचा धडा

पदवीच्या विद्यार्थ्यांना आपण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा गोरेगावच्या आरेत नेतो, झाडांची शास्त्रीय नावे उतरवून घेतो आणि संध्याकाळी परततो. वाटेत वारल्यांचे पाडे लागतात. तिथे बहुधा फक्त पाणी मागितले जाते!

शेवळाचेच पाहा. सुरणाची ही सख्खी बहीण पहिल्या पावसात आधी फुलोरा काढते. पान नंतर येते. फुलोरा कोवळा असतानाच त्याची भाजी करतात. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशात टोचतात, म्हणून जाणत्या बायका भाजीत आंबट काकडे घालतात. ऋतुचक्र आणि रसायन, दोन्ही एका पातेल्यात!

हे शिकवणाऱ्या बाई वाटाड्या नव्हेत, शिक्षिका आहेत. त्यांना पाहुण्या व्याख्यात्याइतके मानधन द्यावे. पण एक पेच आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनस्पती काढता येत नाही. 'शेवळ अमक्या ओढ्याकाठी मिळते, अमक्या बाईंनी दाखवले' असे विद्यार्थ्याने अहवालात लिहिले, तर गोत्यात कोण येईल? म्हणून काय लिहायचे, नाव द्यायचे की नाही, हे वही उघडण्यापूर्वी पाड्यावर बसून त्यांनाच विचारावे. अहवालाची मराठी प्रतही तिथे पोचवावी. नेमकी तीच राहून जाते.