गाडी कोणाच्या नावावर?

गुढीपाडव्याचे फोटो आठवून बघा. नऊवारी, नाकात नथ, डोक्याला फेटा, डोळ्यांवर काळा गॉगल आणि खाली धडधडणारी बुलेट! डोंबिवलीत १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि बघता बघता ही प्रथा गावोगावी पोहोचली. फोटो बघून छान वाटतंच. पण मनात एक प्रश्नही येतो. ही गाडी तिची स्वतःची असेल का? की धाकट्या दिराची, भावाची, शेजारच्या दादाची? परवा माहेरी जायला ती तिला मिळणार आहे का?

तसं बघितलं तर गाडी चालवणाऱ्या बायका आपल्याकडे काही नवीन नाहीत. १९७२ मध्ये लूना आली, मग स्कूटी आली, मग मोठ्या स्कूटर आल्या. तालुक्याच्या गावातल्या शिक्षिका, नर्सताई, बचतगटाच्या अध्यक्ष, सगळ्या दुचाकीवर फिरताना दिसतात. पण आरसी बुक उघडून बघा. बऱ्याच वेळा नाव दुसऱ्याच कुणाचं असतं. आणि गाडी काढायची कारणंही ठरलेली! मुलांचा क्लास, दळण, दवाखाना, बँक. काही काम नसताना, नुसतं मैत्रिणींबरोबर फिरून यायचं म्हणून गाडी काढली, असं आपल्यापैकी किती जणी सांगतील?

म्हणूनच वाईतल्या चौघींची गोष्ट सांगावीशी वाटते. एक अंगणवाडी सेविका, एक शाळेतली क्लार्क, एक ब्युटी पार्लर चालवणारी आणि चौथी घरी शिवणकाम करणारी. क्लार्कबाई आणि पार्लरवाली यांच्याकडे स्कूटर होत्या. अंगणवाडीच्या ताईंचं मात्र सगळं एसटी आणि वडापवर अवलंबून. एसटी चुकली की वडापमध्ये अंग चोरून बसायचं, नाहीतर उन्हात थांबायचं. शेवटी त्यांनी ठरवलं, भिशीचा नंबर लागला की गाडी घ्यायची. सेकंडहँड घ्यायची आणि मोटारसायकलच घ्यायची.

झालं! घरापासून गल्लीपर्यंत एकच सूर, ‘बाईमाणसाला गिअरची गाडी कशाला?’

गिअरची भीती कशाला?

ताईंचा हिशोब सरळ होता. रस्ता वाडीवरचा, खड्ड्यांचा. साध्या शंभर सीसीच्या मोटारसायकलचं चाक १८ इंची असतं, स्कूटरचं १० किंवा १२ इंची. मोठं चाक खड्डा सहज पार करतं. ॲव्हरेजही जास्त. राहिला वजनाचा प्रश्न. मैत्रिणींनो, इथं आपला एक मोठा गैरसमज आहे. शंभर सीसीची मोटारसायकल आणि आपली नेहमीची स्कूटर, दोन्ही साधारण १०५ ते ११५ किलोच्या. जड असते ती बुलेट, १९० किलोच्या आसपास. सगळ्या मोटारसायकली बुलेटसारख्या नसतात!

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. तुमचं लायसन विनागिअर दुचाकीचं असेल तर त्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही. आरटीओकडे गिअरच्या वर्गासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. शिकाऊ लायसन मिळालं की तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. ताईंनी भावाच्या गाडीवर, शाळेच्या मैदानात, रोज संध्याकाळी अर्धा तास सराव केला. पहिले आठ दिवस गाडी बंदच पडायची. पोरं हसायची. पंधराव्या दिवशी हसायची थांबली.

‘मिस्टर नाही आले?’

गाडी बघायला ताई क्लार्क मैत्रिणीला घेऊन गेल्या. विकणाऱ्यानं पहिला प्रश्न केला, “वहिनी, मिस्टर नाही आले का?”

“चालवणार मी आहे, भाऊ. मलाच दाखवा,” ताई म्हणाल्या.

इथून पुढं विकणाऱ्यानं त्यांना गाडीचा रंग, सीट कव्हर, नवे आरसे असलं सगळं दाखवायला सुरुवात केली. पण दोघी तयारीनं गेल्या होत्या. त्यांनी काय काय बघितलं, ते तुम्हीही कात्रण करून ठेवा.

आधी इंजिनजवळ हात धरून बघा. गरम लागलं, तर तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवलेली आहे. थंड इंजिन कसं सुरू होतं, हे बघायचं असतं. म्हणून सकाळी लवकर जावं. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळतंय असं समजा. ते काम खर्चिक असतं.

मीटरवर फार विश्वास ठेवू नका, तो मागं फिरवता येतो. त्यापेक्षा ब्रेकच्या आणि गिअरच्या पायपट्ट्या बघा. मीटर म्हणतोय वीस हजार किलोमीटर आणि रबर पार गुळगुळीत, असं असेल तर काहीतरी गडबड आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली तरी रबर जुनं असू शकतं.

हँडल डावी-उजवीकडं फिरवून बघा, अडखळता कामा नये. समोर उभं राहून पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत आहे का ते बघा. नसेल तर गाडी कधीतरी जोरात आदळलेली आहे. चेन-स्प्रॉकेटचे दाते टोकदार झाले असतील तर तो खर्च किमतीतून वजा करा. आणि हो, साडी गार्ड जागेवर आहे ना? बरीच मुलं हौसेनं ते काढून टाकतात. मागचं चाक किमान निम्मं झाकणारं हे संरक्षण, मागं बसणाऱ्याच्या हाताची पकड आणि पाय ठेवायची जागा, या तिन्ही गोष्टी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेत.

हे सगळं आपल्याला जमणार नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला दोन-तीनशे रुपये देऊन सोबत न्या. फक्त तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा! ताईंनी तेच केलं. गाडी २०१८ ची, कार्ब्युरेटरची. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांत इंधन इंजेक्शन आलं. ते चांगलंच आहे, पण बिघाड शोधायला यंत्र लागतं. वाडीवरच्या गॅरेजवाल्याला जुनी गाडी जास्त सोयीची, हा ताईंचा विचार. सांगितले होते पंचेचाळीस हजार, ठरले अडतीस.

सातबारा बघता, मग आरसी का नाही?

आपण शेत घेताना सातबारा बघतो, बोजा आहे का बघतो, फेरफार होईपर्यंत पिच्छा सोडत नाही. गाडीचंही अगदी तसंच आहे. आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव असेल तर तो बोजाच समजा. मालकानं हप्ते फेडले असले तरी बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवा. नंबर टाकला की विमा, पीयूसी, थकलेली ई-चलानं हे सगळं परिवहनच्या ॲपवर आणि संकेतस्थळावर दिसतं. मुलीला नाहीतर भाचीला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल.

विम्याचं विशेष लक्षात ठेवा. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. म्हणजे २०१९ ची गाडी घेतलीत तर तो विमा २०२४ मध्येच संपलेला असणार. विकणारा ‘विमा आहे ना’ म्हणाला तरी तारीख वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नाव! ‘टीटी फॉर्मवर सही देतो, सावकाश करा’ हे वाक्य जुन्या गाडीच्या व्यवहारात हमखास ऐकू येतं. या ‘सावकाश’ला भुलू नका. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमाही आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांत अर्ज करायचा. तुम्ही स्वतःची जुनी स्कूटी विकत असाल तरी हेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे की, अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच. त्या खटल्यात गाडी अनेक हातांतून पुढं गेली होती, तरी जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच आली.

आणि घरातल्या गाडीचं काय? ‘नाव कुणाचं का असेना, वापरते तर मीच!’ असं आपण म्हणतो. पण विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो नोंदणीत आणि पॉलिसीत ज्याचं नाव आहे त्याच्यासाठी असतो, तेही त्याच्याकडं योग्य लायसन असेल तर. गाडी पतीच्या नावावर आणि रोज चालवते पत्नी, अशा घरात तिला काही झालं तर हे संरक्षण तिच्यासाठी नसतं. नाव ही नुसती हौस नाही, हे एवढ्यावरून कळावं.

चौथीची, शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीची गोष्ट इथंच सांगायला हवी. पती गेल्यापासून त्यांची मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. कुणी मागायला आलं की तिला रडू यायचं आणि स्वतः वापरायची हिंमत होत नव्हती. वारसानं मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उशीर झाला होता, पण क्लार्कबाईंनी सगळी कागदं गोळा केली, दंड भरला आणि गाडी तिच्या नावावर झाली. चार महिन्यांनी ती स्वतः चालवायला लागली. (नव्या नियमांत आरसीवर वारस म्हणून नाव आधीच लावता येतं. घरच्या गाडीवर ते लावून घ्या.)

रविवारची गाडी

आता गंमत ऐका. चार गाड्या झाल्यावर पार्लरवाली म्हणाली, “कामाला तर रोजच जातोय. एक रविवार आपला!”

पहिल्या रविवारी चौघींनी घरी ‘देवदर्शन’ असं सांगितलं. देवाचं नाव घेतलं की बाईला परवानगी लवकर मिळते, हे काय सांगायला हवं? गेल्या मेणवलीला. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, मेणेश्वराच्या देवळाजवळची ती भली मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाची ती पोर्तुगीज घंटा. २००४ चा ‘स्वदेस’ इथंच चित्रित झाला होता. जन्म वाईत गेलेला, पण त्या घाटावर नुसतं तासभर पाण्यात पाय सोडून बसायची ही चौघींचीही पहिलीच वेळ. तिथून पुढं धोमला. कमळाच्या आकाराच्या कुंडात, कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी बघितला. डब्यातली चपाती-भाजी खाल्ली. दुपारी तीनला घरी.

दुसऱ्या खेपेला पसरणीचा घाट चढून पाचगणी. तिसऱ्या वेळी सज्जनगड. तोपर्यंत ‘देवदर्शन’ म्हणायची गरज उरली नव्हती. ‘फिरायला चाललोय’ एवढंच.

त्यांचे नियम साधे आहेत. हेल्मेट चौघींनाही, मागं कुणी बसलं तर तिलाही, आणि ते आयएसआय खुणेचंच. पदर आणि ओढणी खोचूनच गाडी सुरू करायची, कारण चाकात कापड अडकून होणारे अपघात जीवघेणे असतात. घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, उतारावर इंजिन बंद करायचं नाही. शर्यत नाही. जिचा वेग कमी ती पुढं. घरच्या कुणाला तरी फोनवर लोकेशन पाठवायचं आणि ११२ हा नंबर पाठ असायलाच हवा. पेट्रोल-चहाचा खर्च समान वाटून वहीत लिहायचा.

आणखी एक नाजूक पण खरी अडचण. बाथरूम! वाटेत सोय नाही म्हणून पाणीच न पिता निघायची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली आहे. चौघींनी वाटेवरचे स्वच्छ बाथरूम असलेले पेट्रोल पंप वहीत लिहून ठेवलेत. जिथं कुलूप असतं तिथं चौघी मिळून किल्ली मागतात. एकटीला लाज वाटते, चौघींना नाही.

घरच्यांचं काय? सगळं गोड झालं असं नाही. एकीच्या घरी रविवारच्या मटणावरून अजून कुरबुर होते. एकीच्या सासूबाई ‘शोभतं का?’ म्हणतात आणि संध्याकाळी ‘काय बघितलंत गं?’ असंही विचारतात. अंगणवाडीच्या ताईंच्या दिरानं एकदा गाडी परस्पर नेली. ताई शांतपणे म्हणाल्या, “न्या की भाऊजी, पण विचारून न्या. गाडी माझ्या नावावर आहे.” दिरानं पुढच्या वेळी विचारलं.

पुण्यात २०११ मध्ये ‘बायकर्नी’ हा मोटारसायकल चालवणाऱ्या महिलांचा गट सुरू झाला. २०२३ मध्ये रमिला लटपटे तर नऊवारी नेसून दुचाकीवर जगप्रवासाला निघाल्या. त्यांचं कौतुक आहेच. पण आपल्यासाठी तीस-चाळीस किलोमीटरही पुरेसे आहेत. आपल्या गावाजवळचा घाट, धरण, टेकडी, जुनं देऊळ, जिथं शाळेच्या सहलीनंतर आपण गेलोच नाही, तिथपासून सुरुवात करू या.

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारी कपाटातलं आरसी बुक काढा आणि नाव वाचा. तुमचं नसेल तर का नाही, हे घरात प्रेमानं विचारा. आणि असेल, तर येत्या रविवारी कुठं निघताय?